तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो

शनिवार, ८ जून १९८५

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सरकारी लिफाफा आला. मी कामावर होतो, म्हणून वनमालाने फोडला. त्यात ‘दंड’ हा शब्द दिसल्यावर ती घाबरली. तिला वाटलं, टीव्हीचं लायसन भरायचं राहिलं. मी घरी येईपर्यंत तिने कपाटातल्या सगळ्या पावत्या काढून पलंगावर मांडल्या होत्या.

पत्राचा अर्थ असा, की मी, जयवंत धोंडू साटम, वय त्रेपन्न, रंगाच्या कारखान्यातला टाइमकीपर, आजपासून विशेष कार्यकारी दंडाधिकारी आहे. पगार नाही. अधिकार आहे. लोकांच्या कागदांवर सही-शिक्का करायचा आणि चांगल्या वर्तणुकीचे दाखले द्यायचे. पत्रात लिहिलंय, ‘समाजातील प्रतिष्ठित व्यक्तींमधून आपली निवड करण्यात आली आहे.’ हे वाक्य मी वनमालाला दोनदा वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “आपल्या गल्लीतून वेंगुर्लेकरांचं नाव जाणार होतं ना? त्यांनी नावं सुचवणाऱ्या कार्यकर्त्यांना जेवायलासुद्धा बोलावलं होतं.”

सोसायटीचे चेअरमन चंद्रप्रकाश वेंगुर्लेकर हे माझे या इमारतीतले सर्वांत जवळचे मित्र. लगेच वर जाऊन त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. “साटम, हे कसं काय झालं?” असं तीन वेळा म्हणाले. दुसऱ्याच्या भाग्याने इतका हेलावणारा माणूस मी पाहिला नाही.

सार्वजनिक माणसाने नोंद ठेवावी, म्हणून ही वही.

मंगळवार, ११ जून

पाटी रंगवून आणली. पितळी रंगात नाव, खाली हुद्दा. हुद्दा लांब असल्याने पाटी दाराच्या चौकटीबाहेर चार बोटं जाते. शिक्काही आला.

काही गोष्टी ठरवल्या. रविवारी गुणाजी रेडकरांबरोबर जिन्यात बसून मेंढीकोट खेळणं बंद. दंडाधिकारी जिन्यात बसत नाही. पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी फक्त आतल्या खोलीत. वनमाला म्हणाली, “आतल्या खोलीत दुपारी मी झोपते. तिथे कोणाला दाखवणार?” तिला मुद्दा कळला नाही.

घरात तोंडून मालवणी निघता कामा नये, हेही ठरवलं. इमारतीत आल्यापासून ते बऱ्यापैकी जमलंय. फक्त पायाला ठेच लागली की अडचण होते.

रविवार, १६ जून

वेळ ९ ते ११ अशी जाहीर केली होती. इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलो. दहा चाळीसला बेल वाजली. गॅसवाला.

रविवार, २३ जून

आज अकरा जण आले. दाखल्याचा छापील नमुना असा: ‘मी अर्जदारास गेली तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्यांची वर्तणूक चांगली आहे.’ इतर दंडाधिकारी म्हणे न वाचता शिक्का मारतात. मी तसं करणार नाही. एखादा माणूस सभ्य आहे असं सरकारला लिहून देणं ही जोखीम आहे.

एका तरुणाला विचारलं, “कधी विनातिकीट प्रवास केलाय?” तो म्हणाला, “एकदा केला होता, काका. पास घरी राहिला होता.” मी सही नाकारली. तासाभराने तो परत आला आणि म्हणाला की नीट आठवून पाहिलं, कधीच केला नव्हता. मी सही केली. विचार करायला वेळ दिला की माणूस सुधारतो.

वनमाला पडद्याआडून ऐकत होती. तिला खोकला झाला.

रविवार, ३० जून

वेंगुर्लेकर स्वतः खाली आले. त्यांचा पुतण्या मार्तंड याला प्रेशर कुकर विकायच्या एका कंपनीत नोकरी लागतेय, दाखला हवा. मी म्हणालो, “पण मी त्यांना ओळखत नाही.”

“अहो, मला ओळखता ना? मग माझ्या रक्ताला ओळखता. तो काय खाली स्कूटरवर बसलाय.”

गॅलरीतून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरून डोकं दिसलं. भांग व्यवस्थित होता. सही केली. अशा घरात चौकशी काय करायची?

रविवार, ७ जुलै

आज एक कठीण प्रसंग आला, पण मी नियम सोडला नाही.

साडेनऊला आपल्या इमारतीचे जिने झाडणारी, कचऱ्याचे डबे नेणारी बाई आली. तिच्याबरोबर मुलगी, प्रेमा. बारावीला चौसष्ट टक्के. एका मोठ्या हॉस्पिटलच्या नर्सिंग कोर्सला नाव लागण्यासारखं आहे, १८ तारखेपर्यंत वर्तणुकीचा दाखला जोडायचा आहे. बाई दारातच उभी राहिली. मुलगी आत आली, खुर्चीकडे पाहिलं आणि बसली.

मी नमुना वाचून दाखवला. म्हणालो, “तीन वर्षं व्यक्तिशः ओळखतो असं मला लिहावं लागेल. मी तुम्हाला ओळखत नाही.”

प्रेमा म्हणाली, “काका, आई आजारी असली की मीच येते ना डबे न्यायला. तुम्ही परवा मला ‘थोडं बाजूने झाड’ म्हणालात.”

“ते दिसणं झालं. ओळखणं वेगळं.”

ती पुढे काही बोलणार होती, पण आई म्हणाली, “चल गो.” दोघी गेल्या. मुलीने जाताना खुर्ची टेबलाखाली सरकवली. वळण चांगलं दिसतं. पण एवढ्यावर शिक्का मारता येत नाही.

दुपारी ताटात नुसता वरणभात. रविवार असून मासळी नाही. मी विचारलं. वनमाला म्हणाली, “मासेवालीला मी तीन वर्षं व्यक्तिशः ओळखत नाही.”

गुरुवार, ११ जुलै

अजून वरणभात.

रात्रीच्या जेवणाला वनमालाने विचारलं, “तिचं नाव काय?”

“कोणाचं?”

“सहा वर्षं आपला डबा नेते तिचं.”

मी म्हणालो, “बाई म्हणतात सगळे.”

“सोनूबाई,” ती म्हणाली आणि उठून गेली. मी भात संपवला. नाव माहीत नसणं हा काही अपराध नाही. कारखान्यात मी माणसं टोकन नंबरानेच ओळखतो आणि त्यात एकदाही चूक झालेली नाही. तरीही भात नीट उतरला नाही, हे इथे नोंदवतो.

शनिवार, १३ जुलै

वाट लागली.

मार्तंड बारा प्रेशर कुकर घेऊन नाहीसा झाला. कंपनीने तक्रार केली आणि तक्रारीला माझा दाखला जोडला. त्यात माझी सही, माझा शिक्का आणि ‘गेली तीन वर्षे व्यक्तिशः’. कलेक्टर कचेरीतून पत्र आलंय. मंगळवारी सकाळी चौकशीला अधिकारी येणार. इमारतीतल्या, मला तीन वर्षं ओळखणाऱ्या दोन माणसांचे जबाबही घेणार.

धावत वेंगुर्लेकरांकडे गेलो. त्यांना फार वाईट वाटलं होतं. माझ्याबद्दल. म्हणाले, “साटम, मी तर फक्त ओळख करून दिली. मला वाटलं, तुम्ही तुमच्या पद्धतीने चौकशी केली असेल.” मग त्यांनी मार्ग सुचवला. मार्तंडला लहानपणापासून ओळखतो असं सांगायचं, मुलगा सोन्यासारखा होता, संगतीने बिघडला. “तुम्हीही सुटाल आणि आमच्या घराचं नावही चर्चेत येणार नाही.”

माझ्या वतीने दोन शब्द बोलाल का, असं विचारलं. ते म्हणाले, “चेअरमन म्हणून मला तटस्थ राहायला हवं.” त्यांच्या जागी मीही असंच म्हणालो असतो बहुधा.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, मी तुम्हाला फक्त खोकल्यापुरतं ओळखतो. गुणाजी रेडकरांनी नक्की सांगितलं असतं, पण ते गावी गेलेत. शिवाय महिनाभर मी त्यांच्याशी जिन्यातून जाताना फक्त मान हलवत होतो.

सोमवार, १५ जुलै

उद्या काय सांगायचं ते ठरत नाही. खोटं बोललो तर पाटी राहते. खरं बोललो तर मी एक मूर्ख माणूस आहे असं सरकारी कागदावर येतं. आजवर मूर्ख असणं खाजगी होतं.

मंगळवार, १६ जुलै

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अधिकारी बरोबर दहाला आले. श्री. भीमराज रणपिसे. चष्मा, काखेत फाइल, आवाज अजिबात न चढवणारे. वेळ पाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो, पण आज ते थोडे उशिरा आले असते तर बरं झालं असतं.

चहा नको म्हणाले. “आधी शेजाऱ्यांचे जबाब घेऊ. कोण आहेत दोन?”

मी त्यांना जिन्याच्या चौकात नेलं. वर वेंगुर्लेकरांचं दार अर्धं उघडं होतं, आत कोणीतरी उभं असल्याचं कळत होतं. डॉक्टर पायऱ्या उतरून, घड्याळाकडे बघत, दवाखान्यात निघून गेले. समोरच्या दाराला कडी लागली. रणपिसे पेनचं टोपण काढून उभे होते. एक मिनिट गेलं. एक मिनिट किती मोठं असतं हे मला धंद्याने माहीत आहे, तरी आजचं जास्त होतं.

वरच्या पायरीवरून आवाज आला, “मी सांगू?”

सोनूबाई. हातात झाडू, शेजारी डब्यांची रांग.

रणपिसे म्हणाले, “तुम्ही यांना ओळखता?”

“सा वर्सां. बिल्डिंग झाली तेव्हापासना.”

“काय ओळखता?”

तिने झाडू भिंतीला टेकवला. “जिनो पुसलंय काय ह्ये कठड्याक धरून कडेन उतारतत. बाकीचे चिखलाचे पाय घेवन मदसून जातत. मगे, दोन वर्सांमागे माका काडूक मिटिंग घेतली व्हती. धा मिंटां उशिरान येता म्हणान. तेव्हा ह्येनी उठान सांगल्यानी, धा मिंटांक उशीर म्हणनत नाय.”

मला ती मीटिंग आठवली. कारखान्याच्या नियमात दहा मिनिटांची सूट असते, ती मी सभेला सांगितली होती. विषय कोणाचा चाललाय याकडे माझं लक्षच नव्हतं.

“आणखी?” रणपिसे लिहीत होते.

“ह्येंच्या डब्यात म्हावऱ्याचे काटे, चायची पूड आणि बिडयेची थोटकां. बाटली कदी गावली नाय.”

वनमालाने दारातून माझ्याकडे पाहिलं. बिडी मी चार वर्षांपूर्वी सोडली, असं तिला सांगितलेलं आहे.

रणपिसेंनी विचारलं, “मग बाटली कोणाच्या डब्यात सापडते?”

“ता इचारूक तुमी इलास नाय,” सोनूबाई म्हणाली.

वेंगुर्लेकरांचं दार लागलं. वारा होता.

रणपिसेंनी तिला सही करता येते का विचारलं. तिने पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर बसवत, पूर्ण नाव लिहिलं. सोनूबाई अर्जुन तांबे. ते म्हणाले, “दुसरा साक्षीदार?” ती म्हणाली, “माजी मुलगी आसा. तिकाय वळाख आसा ह्येंची. पन ती नाय येवची. ती रागान आसा.” रणपिसे म्हणाले, एक पुरे.

मग ते माझ्याकडे वळले. “मार्तंड वेंगुर्लेकरला कधीपासून ओळखता?”

‘लहानपणापासून’ हा शब्द दोन दिवस पाठ करून ठेवला होता. तो तोंडात होता. पण ही बाई झाडू धरून तिथेच उभी होती आणि पुढे काय म्हणतो ते ऐकत होती. मी म्हणालो, “ओळखत नाही. त्याचं फक्त डोकं पाहिलंय. तेही वरून.”

रणपिसेंनी जसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना म्हणाले, “नेमणूक बहुधा रद्द होईल. लेखी आदेश येईपर्यंत तुम्ही दंडाधिकारी आहात.”

ते गेल्यावर सोनूबाईला म्हणालो, “तुम्ही का बोललात माझ्यासाठी? मी तुमच्या मुलीला...”

“ता येगळा,” ती म्हणाली आणि डबे उचलून खाली गेली.

बुधवार, १७ जुलै

आदेश आजच्या टपालाने आला नाही. कामावरून सुटल्यावर वनमालाला म्हणालो, “चल.” तिने कुठे म्हणून विचारलं नाही. साडी बदलून तयारच होती.

हायवेपलीकडच्या वस्तीत सोनूबाईची खोली शोधायला वीस मिनिटं लागली. मी तिघांना विचारलं, तिघांनीही “प्रेमाची आई?” असं उलट विचारलं. इथे ती त्या नावाने प्रसिद्ध आहे. खोली एवढीशी, पण भांडी अशी घासलेली, की माझं तोंड त्यात सात ठिकाणी दिसलं. एकातही ते दंडाधिकाऱ्याचं वाटलं नाही.

प्रेमाने दार उघडलं. “काय काका, इकडे कुठे?”

“ओळख करून घ्यायला आलो.”

“तीन वर्षं बसणार?”

सोनूबाईने तिला दटावलं, आम्हाला पाट दिले, चहा टाकला. बोलता बोलता कळलं, तिचं माहेर आमच्या गावापासून दीड कोसावर. आमच्या गावची जत्रा तिने लहानपणी पाहिलेली आहे. मी विचारलं, “देवळाकडचो व्हाळ अजून व्हावता?” तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. वनमाला म्हणाली, “ठेच लागली नाही तरी बोलता येतं की.”

अर्जुन तांबे मिलमध्ये होते, संपानंतर गावी गेले, तिथे मन लागत नाही म्हणून परत आले, परत गेले. सोनूबाई पहाटे चारला उठते. प्रेमाने अभ्यास शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर केला, तिथे दिवा असतो. आईला सही तिनेच शिकवली. नर्सच का व्हायचंय, विचारलं. म्हणाली, “मागच्या साली आईला न्युमोनिया झालेला. वॉर्डात एक सिस्टर होती, सगळ्या बायकांना नावाने हाक मारायची. मला ते झकास वाटलं.”

मी फॉर्म मागितला. शिक्का बरोबर आणला होता. पेन टेकवलं आणि अडलो. छापलेलं होतं ते खरं नव्हतं. मार्तंडच्या वेळी हात अडला नव्हता, आज अडला.

प्रेमा म्हणाली, “जमणार नसेल तर राहू दे, काका.” सोनूबाईने काल सांगितलेला राग तिच्या आवाजात नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मी छापील ओळ खोडली. वर लिहिलं: ‘अर्जदार व त्यांच्या मातोश्री मला गेली सहा वर्षे व्यक्तिशः ओळखतात. मी त्यांना कालपासून ओळखतो. त्यांची वर्तणूक माझ्यापेक्षा चांगली आहे.’ सही केली, शिक्का मारला, वेळ घातली: सायं. ७.२५.

प्रेमाने वाचलं. पुन्हा वाचलं. “हे चालेल?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “पण खरं आहे.”

परत येताना पुलाखाली थांबून वनमालाने सुरमई घेतली.

शनिवार, २० जुलै

आदेश आला. नेमणूक रद्द. दाराची पाटी काढली. चौकटीबाहेर गेलेल्या चार बोटांच्या जागी भिंतीचा रंग निघाला.

वेंगुर्लेकर भेटायला आले. म्हणाले, “वाईट झालं, साटम. ही जागा आता रिकामी राहणार.” त्यांना माझं फार लागलंय. जागेबद्दल दोनदा बोलले.

शनिवार, १० ऑगस्ट

प्रेमाचं नाव लागलं. सोनूबाई पेढे घेऊन आली आणि या वेळी आत येऊन बसली. मुलाखतीत मुख्य सिस्टरने तो दाखला चष्मा काढून वाचला म्हणे. विचारलं, “हे कोणी लिहिलं?” प्रेमा म्हणाली, “आमच्या बिल्डिंगमधले एक काका आहेत, थोडे तसेच आहेत.” सिस्टर हसली आणि दाखला फाइलला लावून घेतला. इतर सगळ्या मुलींचे दाखले म्हणे एकसारखे होते.

‘थोडे तसेच’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सायंकाळी पाच चाळीसला कामावरून आलो तर गेटपाशी श्री. रणपिसे. या वेळी माझ्यासाठी नव्हते. रिकाम्या जागेवर वेंगुर्लेकरांचं नाव सुचवलं गेलंय आणि मागच्या अनुभवामुळे आता नेमणुकीआधीच चौकशी करतात. माझ्यामुळे सरकारी पद्धतीत एवढी सुधारणा झाली, हे ऐकून बरं वाटलं.

त्यांनी विचारलं, “तुम्ही श्री. वेंगुर्लेकरांना तीन वर्षं ओळखता?”

मित्राच्या कामी यायची संधी होती. पण मी आता याबाबतीत फार काटेकोर झालोय. म्हणालो, “सहा वर्षं ओळखतो असं मला वाटतं. पण नक्की सांगायचं तर आमच्या इमारतीत एकच व्यक्ती सगळ्यांना व्यक्तिशः ओळखते. त्यांचा जबाब घ्या. वेंगुर्लेकरांच्या घरचं त्या सहा वर्षं बघतायत, त्या सगळं चांगलंच सांगतील.”

सोनूबाई नळावर हात धुवत होती. रणपिसेंनी तिच्याकडे पाहिलं. तिने हात पुसले, पदर सारखा केला.

“आता इचारतास?” ती म्हणाली.

“आता विचारतो,” रणपिसे म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं.

मी वर आलो. दुसऱ्याचा जबाब उभं राहून ऐकणं सभ्यपणाचं नाही. वनमालाला सगळं सांगितलं, की चंद्रप्रकाशरावांसाठी मी सर्वांत खात्रीचा साक्षीदार मिळवून दिला. ती ओट्याला धरून खाली बसली आणि हसत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं.